नववीतल्या मुलाची ‘त्या वस्तीतल्या’ मुलाशी मैत्री: एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न, थोडक्यात: आम्ही जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. माझा मुलगा चौदा वर्षांचा असून नववीत आहे. त्याचा सर्वांत जवळचा मित्र त्याच्याच वर्गात आहे, पण तो सोळा वर्षांचा आहे आणि पाटचारीपलीकडच्या वस्तीत राहतो. वडील दारूच्या आहारी गेलेले आहेत आणि आई दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाते. गेल्या वर्षी विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरल्याच्या प्रकरणात तो बाल न्याय मंडळासमोर गेला होता. मंडळाने समज देऊन त्याला आईच्या ताब्यात दिले. तेव्हापासून आमच्या गल्लीत कोणी त्याला उभे करत नाही, त्याचा फोटोही गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. माझे दीर म्हणतात की ही संगत ताबडतोब तोडा. मुलगा मात्र डिसेंबरात मळ्यातल्या भरीत पार्टीला त्याला बोलवायचे म्हणतो. आम्ही काय करावे?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातील अगदी शेवटचे वाक्य मी सर्वांत आधी घेते. तुम्ही लिहिले आहे की आठवीत असताना दोन मोठी मुले तुमच्या मुलाला एसटीत आणि शाळेच्या मागे रोज त्रास देत होती, तो शाळेत जायला तयार नव्हता आणि तो त्रास याच मुलाने थांबवला. चार पानांच्या पत्रात ही गोष्ट एका ओळीत आली आहे, तर केबलच्या चोरीला दीड पान मिळाले आहे. हे मी दोष देण्यासाठी सांगत नाही. भीती मनात बसली की ती जास्त जागा घेते आणि आईच्या मनात तर घेतेच. परंतु तुमच्या मुलाने हा मित्र का निवडला याचे उत्तर त्या एका ओळीत आहे आणि पुढचे सर्व निर्णय ती ओळ डोळ्यांसमोर ठेवूनच घ्यावेत असे माझे मत आहे.

मी गेली बावीस वर्षे जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत किशोरवयीन मुलांसोबत समुपदेशनाचे काम करते आणि त्यातील बरीचशी मुले तुमच्या मुलाच्या मित्रासारखीच होती. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की ही मैत्री तोडू नका. ती सध्या गल्लीच्या नजरेआड, पाटचारीच्या कडेला आणि पुलाखाली चालू आहे. तेथून ती उचलून आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर आणा. हे कसे करावे आणि कोणत्या परिस्थितीत माझे उत्तर बदलेल, तेही पुढे लिहिते.

आधी तुमच्या दिरांच्या म्हणण्याबद्दल. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, ही म्हण त्यांनी तुम्हाला ऐकवली असेल, आणि ती निराधार नाही. तेरा ते सोळा या वयात सोबत्यांचा प्रभाव खरोखरच फार मोठा असतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळायला दिला होता, काहींना एकट्याने आणि काहींना सोबत्यांच्या देखत. चोवीस वर्षांपुढच्या माणसांच्या खेळात सोबत्यांमुळे फारसा फरक पडला नाही, परंतु तेरा ते सोळा वर्षांची मुले सोबती पाहत असताना एकटे असतानापेक्षा स्पष्टपणे जास्त धोका पत्करत होती. तेव्हा एरवी शहाणा असलेला मुलगा चार मित्रांत वेगळा वागतो हा पालकांचा अनुभव खरा आहे. मात्र हा परिणाम कोणत्याही मित्रांच्या सोबतीत होतो. गावातील प्रतिष्ठित घरांतील तीन मुले एका मोटारसायकलवर बसून महामार्गावर निघतात तेव्हाही हेच घडत असते, पण त्या वेळी संगतीबद्दल कोणी बोलत नाही.

संगतीचा दोष कसा लागतो हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे आणि ती चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या संस्थेत होते तिने उन्हाळ्याच्या सुट्टीत एक निवासी शिबिर घेतले होते. शाळा सोडलेली, किरकोळ चोऱ्यांत सापडलेली, घरातून पळून रेल्वे स्थानकावर राहिलेली अशी सतरा मुले आम्ही एकत्र आणली. सकाळी व्यायाम, दुपारी हस्तकला आणि संध्याकाळी गटचर्चा असा कार्यक्रम आखला, आणि हा विचार मीच मांडला असल्यामुळे मला त्याचा अभिमानही होता. रात्री मात्र ती मुले एका हॉलमध्ये एकटी असत. ज्याने सर्वांत धाडसी चोरीची गोष्ट सांगितली त्याच्याभोवती सर्वांत मोठा घोळका जमत असे आणि सर्वांत जास्त हशाही त्यालाच मिळत असे. केवळ तंबाखू खाणारी दोन मुले त्या शिबिरातून पंक्चरचे सोल्युशन हुंगण्याची सवय घेऊन परतली. त्यांपैकी एकाच्या आईने मला विचारले, “ताई, तुम्ही काय शिकवले हो याला?” तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढे वाचनात आले की हे जगात इतरत्रही घडले होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या उपक्रमात वाट चुकण्याची शक्यता असलेल्या मुलांना वर्षानुवर्षे मार्गदर्शन दिले गेले. संशोधक जोन मॅककॉर्ड यांनी तीस वर्षांनंतर त्या मुलांचा माग काढला तेव्हा, मदत मिळालेली मुले मदत न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा काही बाबतींत अधिक वाईट स्थितीत आढळली. नंतरच्या विश्लेषणात, उन्हाळी शिबिरांना एकाहून जास्त वेळा पाठवलेल्या मुलांचे नुकसान विशेष झाल्याचे दिसले. अडचणीतील मुले केवळ एकमेकांच्याच सोबतीत ठेवली, जवळ मोठे माणूस नसले आणि चुकीच्या गोष्टीला हशा मिळत राहिला, तर दोष लागतो तो असा.

आता याच दृष्टीने तुमच्या गल्लीकडे पाहा. त्या मुलाच्या वर्गातील प्रत्येक पालकाने आपल्या मुलाला त्याच्यापासून दूर केले आहे. क्रिकेटच्या संघातून त्याचे नाव गेले, शिकवणीच्या सरांनी इतर पालकांची तक्रार येईल म्हणून त्याला येऊ नकोस असे सांगितले आणि किराणा दुकानदार तो आत आला की गल्ल्याजवळ येऊन उभा राहतो. मग संध्याकाळी पाच ते रात्री नऊ या वेळात हा सोळा वर्षांचा मुलगा जाणार कोठे? बसस्थानकाजवळच्या टपरीवर त्याला कोणी हाकलत नाही. तेथील वीस-बावीस वर्षांची मुले त्याला चहा पाजतात, नावाने हाक मारतात आणि एक दिवस एक काम सांगतात. आमच्या शिबिरात सतरा मुलांना आम्ही एका हॉलमध्ये कोंडले होते. येथे सर्व गाव मिळून, कोणाच्याही मनात वाईट हेतू नसताना, तेच करत आहे. तुमचा मुलगा हा त्या टपरीबाहेर त्याला ओळख देणारा बहुधा एकमेव समवयस्क आहे. ही मैत्री तुटली तर तुमच्या मुलाचा एक आधार जाईल आणि त्या मुलाचा कदाचित शेवटचा.

केबलच्या चोरीविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे हा प्रकार सर्वांना ठाऊक असूनही त्याची अर्धीच बाजू बोलली जाते. विहिरीवरची केबल कापली गेली की शेतकऱ्याचे हजारो रुपयांचे नुकसान होते, ऐन भरणीच्या दिवसांत पीक वाळते, त्यामुळे त्याचा संताप रास्त आहे. परंतु सोळा वर्षांच्या मुलाला तांब्याचा भाव ठाऊक नसतो, तो त्याला कोणीतरी सांगितलेला असतो. केबल जाळून निघालेले तांबे घेणारा भंगारवाला प्रौढ असतो आणि अनेकदा रात्री मोटारसायकल घेऊन येणाराही प्रौढ असतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८३ मध्ये बेकायदा कामासाठी बालकाचा वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे. मी पाहिलेल्या प्रकरणांत मुलाचे नाव गावभर झाले, पण त्या प्रौढाचे नाव क्वचितच कोणाच्या तोंडी आले.

हाच कायदा भाषेविषयीही काळजी घेतो. त्याच्या मूलतत्त्वांत असे म्हटले आहे की बालकाविषयीच्या कामकाजात त्याला हिणवणारे, दोषी ठरवणारे शब्द वापरू नयेत. म्हणून मराठी कागदपत्रांत ‘बालगुन्हेगार’ हा जुना शब्द जाऊन ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा शब्द आला. शब्द अवघड आहे हे मान्य, पण मुलाचा कायद्याशी संघर्ष झाला एवढेच तो सांगतो, मूल कसे आहे याचा निवाडा करत नाही. त्याच मूलतत्त्वांत नव्याने सुरुवात करण्याचे तत्त्वही आहे, म्हणजे विशेष परिस्थिती वगळता बालकाच्या जुन्या नोंदी पुसल्या गेल्या पाहिजेत. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. मुलाच्या घरची परिस्थिती परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) अहवालातून त्यांच्यापुढे येते आणि ते सर्व पाहून मंडळाने त्याला समज देऊन घरी पाठवले, याचा अर्थ त्याचे स्थान घरात, शाळेत आणि मित्रांतच आहे असे मंडळाला वाटले. ज्यांनी ते प्रकरण वाचले त्यांनी त्याला परत पाठवले आणि ज्यांनी त्यातील एक कागदही पाहिला नाही त्या गल्लीने त्याला बाहेर ठेवले.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेल्या फोटोविषयी मला स्पष्टच सांगायचे आहे. अशा बालकाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील वर्तमानपत्रात, दृकश्राव्य माध्यमात किंवा संदेशवहनाच्या अन्य प्रकारांत उघड करण्यास या अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ग्रुप चालवणाऱ्या गृहस्थांना तुमच्या यजमानांनी घरी जाऊन, चारचौघांत नव्हे, हे शांतपणे सांगावे आणि तो फोटो काढून टाकायला लावावा. पुढे पाठवलेला फोटो परत येत नाही हे खरे आहे, परंतु कोणीतरी ही गोष्ट चूक आहे असे म्हटले, हे त्या मुलाच्या कानावर गेल्याशिवाय राहणार नाही.

तुम्ही पत्रात त्या वस्तीचे नाव लिहिले आहे. मी ते येथे लिहीत नाही, पण त्याविषयी एक प्रश्न विचारते. हाच मुलगा तुमच्या गल्लीतला, तुमच्या भाऊबंदांपैकी असता आणि त्याने हीच केबल चोरली असती, तर लोक काय म्हणाले असते? ‘पोऱ्या चुकना, पन घर चांगलं शे’ असे म्हणून चार महिन्यांत विषय संपला असता. वस्तीच्या नावावरून मूल ओळखायची सवय आपल्या समाजात फार जुनी आहे आणि परकीय सत्तेने तिला कायद्याचे रूप दिले. १८७१ मध्ये झालेला आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवत होता. त्या लोकांना हजेरी द्यावी लागे आणि परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला. आपल्या खानदेशात तर १८२५ मध्ये जेम्स औट्रम या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने ज्या भिल्लांना सरकार लुटारू म्हणत होते त्यांच्याच तरुणांची पलटण उभी केली आणि धरणगावला तिचे ठाणे होते. काल ज्यांना लुटारू म्हटले त्यांच्या हाती दुसऱ्या दिवशी बंदोबस्त सोपवला गेला, माणसे तीच होती. आज केबल चोरीला गेली की पोलिसांच्या आधी गावकरीच त्या वस्तीत शिरतात आणि आपण कोणाच्या सवयीने चाललो आहोत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

शाळेत हेच अधिक शांतपणे घडते. मुलाला मागच्या बाकावर एकटे बसवले जाते, सहलीच्या यादीत त्याचे नाव नसते आणि काही वेळा आईला बोलावून ‘दाखला काढून न्या, दुसरीकडे घाला’ असे सुचवले जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो आणि त्यात काय लिहिले जाईल या भीतीने अशी आई मुकाट्याने सही करते. दहावीच्या उंबरठ्यावर शाळा सुटलेला मुलगा परत शाळेत येताना मी फार कमी वेळा पाहिला आहे. तुम्ही शाळेच्या पालक-शिक्षक संघात आहात असे लिहिले आहे, म्हणून तुमच्या शब्दाला तेथे वजन आहे. हे दोघे वर्गात एका बाकावर बसले तर आमची हरकत नाही, एवढे एक वाक्य तुम्ही मुख्याध्यापकांना सांगितले तर इतर पालकांच्या तक्रारीचा बराचसा आधार निघून जाईल.

आता तुमच्या घराविषयी. तुम्ही लिहिले आहे की तो आला तर ओट्यावर बसतो आणि तुमचा मुलगा आतून पाणी आणून देतो. आपल्याकडे ओटा ही मोठी छान जागा आहे, पण ती अर्धवट जागाही आहे. ओट्यापर्यंत आलेल्याला आपण हाकललेले नसते आणि घरातही घेतलेले नसते. त्याला आत बोलवा. स्वयंपाकघरासमोरच्या खोलीत, जेथे तुमची ये-जा असते, तेथे दोघांना बसू द्या आणि तुमच्या मुलाच्या पेल्यातून पाणी द्या, म्हणजे ज्या पेल्यांतून घरातले सगळे पितात त्यांतल्याच एकातून. पूर्वग्रह कमी होण्यासाठी नुसता संपर्क पुरत नाही, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच दाखवून दिले होते. दोन्ही बाजूंना समान स्थान हवे, दोघांचे काही समान उद्दिष्ट हवे, त्यासाठी एकत्र काम हवे आणि वडीलधाऱ्यांचा किंवा अधिकारी माणसांचा त्याला उघड पाठिंबा हवा. दया म्हणून दिलेले जुने कपडे किंवा उरलेले जेवण यात पहिलीच अट मोडते. त्या मुलाला मोटार वाइंडिंगच्या दुकानात काम करून थोडे फार येते असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या यजमानांनी त्याला आणि आपल्या मुलाला मिळून घरचा जुना पंप उघडायला सांगितला, तर चौघांच्या देखत तो मुलगा काहीतरी येणारा म्हणून दिसेल. केबलशी त्याचे नाव जोडले गेले आहे म्हणून हे काम टाळावे असे तुम्हाला वाटेल. मी तर नेमक्या याच कारणासाठी ते सुचवते.

घरात आणले म्हणजे मोकळे सोडले असे मात्र नाही. नियम हवेत आणि ते दोघांनाही सारखेच हवेत. संध्याकाळी सात वाजता दोघेही आपापल्या घरी, कोठे जाणार ते सांगून जायचे, मोटारसायकल कोणाचीही असली तरी हात लावायचा नाही, टपरीवर थांबायचे नाही, उसने पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. हे नियम तुमच्या मुलाला एकट्याला देऊन त्याच्या मार्फत मित्राला कळवू नका. दोघांना समोर बसवून तुम्हीच सांगा. ज्या मुलाच्या येण्या-जाण्याची वेळ आजवर कोणी विचारली नाही त्याला कोणीतरी सातची वेळ घालून देते, याचा अर्थ तो चांगला ओळखतो. असे नियम झुगारून दिल्याचे मी पाहिले आहे, पण कोणी आपल्याला नियम घालण्याच्या योग्यतेचे समजले याचा आनंद चेहऱ्यावर दिसतो, तोही अनेकदा पाहिला आहे.

एक गोष्ट कृपा करून टाळा. ‘तुझ्यामुळे तो सुधारेल’ असे आपल्या मुलाला कधीही सांगू नका. चांगल्या घरांतील आई-वडील मोठ्या मनाने असे म्हणतात आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर न पेलणारे ओझे ठेवतात. पुढे मित्राकडून काही चूक झाली तर ती आपलीच चूक असे तो मानतो आणि मग ती घरात लपवतो. मित्र म्हणून त्याने खेळावे, भांडावे, अभ्यास करावा. सुधारणेचे काम मोठ्यांचे आहे. त्याचप्रमाणे मित्राच्या घरची माहिती त्याच्याकडून खोदून काढू नका. ‘आज काय केले?’ एवढाच प्रश्न विचारा, उत्तर अर्धे मिळाले तरी चालेल. रात्री उशिरा, दिवा मालवल्यानंतर, मुले उरलेले अर्धे आपणहून सांगतात.

माझे उत्तर कधी बदलेल तेही लिहिते. तुमच्या मुलाला काही वस्तू लपवून ठेवायला सांगितली गेली, त्याच्याकडे हिशेब न लागणारे पैसे किंवा नवा मोबाइल आला, गुटखा, सोल्युशन किंवा गोळ्यांचा वास-वापर दिसू लागला, तो मित्राला घाबरून काही करतो आहे असे जाणवले, किंवा टपरीवरची मोठी मुले तुमच्या मुलापर्यंत पोहोचली, तर तेव्हा कठोर व्हा. प्रथम दोघांचे बाहेर भेटणे पूर्ण थांबवा, भेट फक्त तुमच्या घरी. त्याने भागले नाही तर काही आठवडे भेटच बंद ठेवा आणि कारण दोघांनाही तोंडावर सांगा. त्याच वेळी १०९८ या बालकांसाठीच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे मदत मागा, कारण अशा वेळी मोठ्या माणसांच्या तावडीत सापडलेला मुलगा तो आधी असतो आणि तुमचा मुलगा नंतर. मुलांना तंबाखू किंवा नशेचा पदार्थ देणाऱ्या टपरीवाल्यालाही याच अधिनियमाच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होऊ शकते, हे गावात मोठ्याने बोलले गेले तरी काही टपऱ्या सावध होतात. तुमच्या पत्रात मला यांपैकी एकही लक्षण दिसले नाही.

मला खरी काळजी वाटते ती येत्या चार-पाच महिन्यांची. त्याची आई मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीनंतर निघेल ती मार्च-एप्रिलपर्यंत परतणार नाही. या काळात घरात म्हातारी आजी आणि दारूत बुडालेले वडील एवढेच उरतात. गेल्या वर्षीची चोरीही जानेवारीतच झाली होती, हे तुम्हीच लिहिले आहे. आई गावात असताना हा मुलगा कधीही सापडलेला नाही. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके अभ्यास केला. गरिबी, घरातील भांडणे, आई-वडिलांची व्यसने किंवा मानसिक आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले तरीही समर्थ, प्रेमळ माणसे झाली आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा आई-वडिलांखेरीज एखादे तरी भरवशाचे मोठे माणूस होते, कधी आजी, कधी शिक्षक, कधी शेजारीण. शेजारीण हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. तुम्ही त्याची आई व्हावे असे मी म्हणत नाही. आठवड्यातून तीन संध्याकाळी दोघांना एकत्र अभ्यासाला बसवणे आणि तो आला नाही तर का आला नाही असे विचारणे, एवढेच या महिन्यांत पुरेसे आहे. गणितात तो मागे असेल, कारण लहानपणी तो आईबरोबर ऊसतोडीला जात होता आणि ज्या महिन्यांत वर्गात अपूर्णांक शिकवले गेले त्या महिन्यांत तो फडात होता. वर्गातील मुलांपेक्षा तो दोन वर्षांनी मोठा आहे तो यामुळेच, हेही तुमच्या दिरांना ठाऊक असलेले बरे.

दिरांशी वाद घालू नका. त्यांनी तुमच्या मुलाच्या काळजीपोटीच हे सांगितले आहे, ते मान्य करा आणि मग सांगा की आम्ही ही मैत्री आमच्या घरात आणत आहोत, आमच्या नजरेखाली ठेवत आहोत आणि काही वावगे दिसले तर तुम्हालाच सर्वांत आधी सांगू. ज्याला जबाबदारीत वाटा मिळतो तो विरोधक राहत नाही असा माझा निदान घरगुती तंट्यांतील अनुभव आहे.

आणि भरीत पार्टी. बोलवा त्याला. मळ्यातील भरितात पाहुणा म्हणून कोणी नुसते बसून राहत नाही, हे या प्रसंगाचे मोठेपण आहे. कोणी पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या, पेटवतो, कोणी वांगी फिरवतो, कोणी मिरच्या भाजतो आणि कोणी बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, मुसळाने कुटतो. त्या मुलाला आणि तुमच्या मुलाला मिळून बडगीवर बसवा, म्हणजे दिरांच्या पानातले भरीतही त्यांनीच कुटलेले असेल, आणि हे पानावर बसताना तुमच्या यजमानांनी सहज सांगावे. पंगतीत त्याला तुमच्या मुलाशेजारी जागा द्या, शेवटच्या टोकाला नको. नातेवाइकांपैकी कोणी केबलचा विषय काढलाच, तर तो यजमानांनी तेथेच थांबवावा, मुलाने थांबवण्याची वेळ येऊ देऊ नये. त्याआधी, म्हणजे पार्टीच्या दोन-तीन दिवस अगोदर, तुम्ही स्वतः पाटचारी ओलांडून त्यांच्या वस्तीत जा. आई तोवर ऊसतोडीला गेलेली असेल, म्हणून आजीला भेटा, रविवारी तुमच्या नातवाला आमच्या मळ्यात नेतो आहोत आणि सातच्या आत घरी आणून सोडू असे सांगा. त्या वस्तीत तुमच्या गल्लीतील माणूस बहुधा काही चोरीला गेल्यावरच जाते. त्यामुळे दारात तुम्हाला पाहून आजी आधी घाबरेल. म्हणून निरोप सांगितल्याबरोबर लगेच परत फिरू नका, थोडा वेळ बसा, आणि ती चहा करू लागली तर नको म्हणू नका.